जोड्या लावा

भूगोलाच्या पेपरात हा प्रश्न हमखास यायचा. 'अ' गटात प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, डाउन्स. 'ब' गटात उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, युरेशिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. पाच गुण हातचे. मी सोलापूरजवळच्या एका गावात शिकले. वर्गाच्या खिडकीतून नान्नजच्या दिशेला पसरलेला माळ दिसायचा. भाद्रपदात गुडघाभर गवत, शिमग्यापर्यंत ते वाळून पिवळंधमक. गुरुजी फळ्याकडे तोंड करून सांगायचे, प्रेअरी म्हणजे विस्तीर्ण गवताळ प्रदेश. खिडकीबाहेर त्यांनी कधी बोट दाखवलं नाही आणि आम्हालाही ते सुचलं नाही. माळ म्हणजे पडीक, तिथं काही नसतं, हे आम्हाला भूगोलाच्या आधीपासून पाठ होतं.

लग्नानंतर इलिनॉयमध्ये आले. या राज्याला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण पहिली कितीतरी वर्षं मला प्रेअरी दिसलीच नाही. दिसला तो मका. मक्यापलीकडे सोयाबीन, सोयाबीनपलीकडे पुन्हा मका, आणि वस्ती लागली की हिरवीगार कापलेली हिरवळ. एके काळी या राज्यात सुमारे दोन कोटी वीस लाख एकर प्रेअरी होती. तिचा मूळ रूपात टिकलेला, चांगल्या प्रतीचा भाग आज एका टक्क्याचा शंभरावा हिस्साही नाही. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात पोलादी फाळाचा नांगर घडवला. प्रेअरीची चिकट काळी माती लोखंडी नांगराला धरून बसायची, ती या गुळगुळीत फाळावरून सुटून पडायला लागली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत सगळं नांगरून झालं.

उरलं ते जिथं नांगर जाऊ शकत नव्हता तिथं. रेल्वे रुळांच्या कडेच्या पट्ट्यात, आणि जुन्या स्मशानांत. शिकागोहून दक्षिणेला शांपेनकडे जाताना लोडा नावाचं छोटं गाव लागतं. तिथल्या दफनभूमीला लागून असलेला तुकडा कधीच नांगरला गेला नाही. जूनमध्ये तिथं उभं राहिलं की फिकट जांभळ्या, पाकळ्या खाली लोंबणाऱ्या कोनफ्लॉवरचा थवा वाऱ्यावर हलत असतो आणि कुंपणापलीकडे क्षितिजापर्यंत मक्याच्या सरळ ओळी. शेतकऱ्यांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी राखलेल्या जमिनीने त्या माळाचं बी राखलं. आपल्याकडच्या देवरायांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

अशी स्मशानं हुडकत फिरलेला एक माणूस होता, रॉबर्ट बेट्झ. शिकागोतल्या नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठात शिकवायचे. आमच्या ऑरोरा शहराला लागून फर्मिलॅब ही कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा आहे. तिचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी १९६९ साली तिथं रानगवे, म्हणजे बायसन, आणून ठेवले होते. ते अजून आहेत, माझी मुलगी त्यांना बघतच मोठी झाली. १९७५ मध्ये बेट्झ यांच्या सांगण्यावरून त्या प्रयोगशाळेच्या गोलाकार यंत्राच्या आतल्या मोकळ्या जमिनीवर प्रेअरी पेरायला सुरुवात झाली. स्वयंसेवकांनी रुळांच्या कडेने आणि स्मशानांतून हाताने वेचलेलं ते बी. आजही तिथं शरद ऋतूत लोक जमतात आणि पुढच्या पेरणीसाठी बी वेचतात. मी पहिल्यांदा गेले ते मुलीला शाळेसाठी काहीतरी उपक्रम हवा होता म्हणून. हातात कात्री आणि कागदी पिशवी घेऊन डोक्याएवढ्या उंच गवतात शिरले, आणि त्या वासाने मी थबकले. वाळलेल्या गवताचा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा वास. तो मला पाठ होता.

त्या गवताचं नाव बिग ब्लूस्टेम. घरी येऊन त्याचं कूळ शोधलं तेव्हा कळलं की आमच्या माळावरची कुसळी आणि मारवेल ही त्याच्या भावकीतली. त्याच भावकीत ज्वारी, मका आणि ऊसही. म्हणजे इथली प्रेअरी तिच्याच भावकीतल्या मक्याने खाल्ली, आणि सोलापूर जिल्ह्यातला कितीतरी माळ त्याच्याच भावकीतल्या उसाने.

मला मात्र गवत नव्हे, फूल लावायचं होतं. बटरफ्लाय मिल्कवीड. शास्त्रीय नाव ॲस्क्लेपिअस ट्युबरोसा. जूनच्या अखेरीस फुलतं, रंग अगदी झेंडूचा, आणि फुलं एवढीएवढीशी असून पाच तुऱ्यांचा मुकुट घातलेली. फर्मिलॅबच्या पायवाटेवर ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हा मुकुट आपण कुठंतरी बघितलाय. कुठं, ते आठवेना.

पुढे २०१७ साली त्याला इथल्या बागकामवाल्यांच्या संघटनेने 'वर्षातलं बहुवर्षायू रोप' म्हणून निवडलं, आणि दुकानात रोपं त्याआधीही मिळत होती. पण मला बियांपासूनच करायचं होतं. आमच्या घरात रोप विकत आणणं हा कमीपणा मानायचे. आई म्हणायची, रोप दुसऱ्याचं, बी आपलं. एप्रिलमध्ये पाकीट आणलं, चांगली माती कुंडीत भरली, मेथी टाकावी तसं बी टाकलं. रोज पाणी. मे गेला, जून गेला. वीस-पंचवीस बियांतून एकही उगवली नाही.

चूक माझी होती. या बीला आधी हिवाळा लागतो. ओल्या गारठ्यात महिनाभर तरी पडून राहिल्याशिवाय ते जागं होत नाही. कारण सरळ आहे. शेंग शरदात फुटते, बी ऑक्टोबरात जमिनीवर पडतं. तेव्हाच उगवलं तर चार आठवड्यांत बर्फाखाली मरेल. म्हणून त्याच्या आतच एक अडसर असतो, आणि तो अडसर थंडी आणि ओल मिळूनच काढतात. आपल्याकडे बी पावसाची वाट बघतं, इथं ते थंडी सरण्याची वाट बघतं. हे मला एकदा समजल्यावर इथल्या हिवाळ्याकडे बघण्याची माझी रीत बदलली. तोवर नोव्हेंबर ते मार्च हे माझ्या लेखी वर्षातून वजा केलेले महिने होते.

पुढच्या हिवाळ्यात ओल्या वाळूत बी कालवून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. कोथिंबिरीच्या शेजारी.

"हे काय ठेवलंयस?" नवऱ्याने विचारलं.

"बी."

"कोथिंबिरीचं?"

"नाही. हिवाळा दाखवतीये त्याला."

तो काही बोलला नाही, पण पुढचे दोन महिने ती पिशवी त्यानेच जपली. वाळू कोरडी पडली की चमचाभर पाणी घालायचा.

अकरा रोपं आली. खिडकीत ठेवल्यामुळे उजेडाकडे माना लांबवून बारीक झाली. कुंडीतून काढताना बघितलं तर रोप बोटभर आणि मूळ कुंडीच्या तळाशी वेटोळं घालून बसलेलं. या झाडाचं सगळं लक्ष खाली असतं. त्याचं सोटमूळ एकदा जमिनीत उतरलं की त्याला हलवलेलं चालत नाही. मी ती अकरा रोपं अंगणात सगळ्यात सखल, सगळ्यात काळ्या मातीत लावली. चांगल्या झाडाला चांगली जागा, असा हिशोब. पण इथली चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि या झाडाला उघडी, निचऱ्याची, थोडी हलकी जमीन लागते. थंडीत ती मुळं पाण्यात बसून कुजली. वसंतात एकही वर आलं नाही. माळाच्या झाडाला मी बागायती जमीन दिली होती. सोलापूरच्या मुलीकडून ही चूक व्हायला नको होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या वेळी फ्रिज सोडला. इथं एक सोपी पद्धत आहे, आणि मी सांगितली तर तीच सांगते. दुधाचा मोठा प्लास्टिकचा कॅन घ्यायचा, मधोमध आडवा कापायचा, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. तळाला भोकं पाडायची. खाली चार बोटं माती, वर बी, त्यावर मातीचा पातळसा थर. कॅन चिकटपट्टीने बंद करायचा, झाकण मात्र उघडं, आणि थेट अंगणात ठेवून द्यायचा. बर्फ, पाऊस, ऊन सगळं त्या तोंडातून आत जातं. आपण काहीच करायचं नाही. हे काहीच न करणं मला फार जड गेलं.

२०१८ च्या डिसेंबरअखेर तीन कॅन मागच्या पायरीशी ठेवले. आणि ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर उणे ३१ सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. शाळा बंद, टपाल बंद. खिडकीची काच आतून गोठली होती. मी हातात चहा धरून त्या तीन कॅनांकडे बघत राहिले. त्यांच्यावर वीतभर बर्फ होता आणि त्याखाली माझं मूठभरही नसलेलं बी. आत आणू का, असं दोनदा मनात आलं. नाही आणलं. ज्या थंडीसाठी ते हजारो वर्षं तयार झालं, त्या थंडीपासून मी त्याला काय वाचवणार होते?

मेच्या मधल्या आठवड्यात पहिला कोंब दिसला. दोन जाडसर पानं, मध्ये काही नाही. चार दिवसांत चौदा झाले. या वेळी मूळ लांबायच्या आत, रोपं दोन इंचांची असतानाच त्यांना गाडी लावायच्या जागेजवळच्या उतारावर हलवलं. घर बांधताना तिथली वरची माती खरवडून नेलेली होती, खडी उघडी पडलेली होती. हिरवळ तिथं कधी धरली नव्हती. आमच्या अंगणातली सगळ्यात वाईट जागा. त्यांना ती मानवली.

पहिलं वर्ष रोपांनी वर काहीच दाखवलं नाही. टिचभर काडी आणि पाच-सहा पानं. प्रेअरीची झाडं अशीच असतात, आधी खाली आणि मग वर. बिग ब्लूस्टेमची मुळं आठ-दहा फूट खोल जातात, कंपास प्लांट नावाच्या झाडाची पंधरा फुटांपर्यंत. आग लागली, बर्फ पडला, गव्यांनी चरून नेलं, तरी जमिनीखालचं अर्ध्याहून जास्त झाड शाबूत. इथली ती प्रसिद्ध काळी माती याच मुळांनी, दरवर्षी थोडी मरून थोडी नवी फुटून, तयार केली. मक्याचं सगळं वैभव त्या मुळांच्या पुण्याईवर उभं आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये सगळीकडे हिरवं आलं आणि माझा उतार रिकामाच. मे लागला तरी रिकामा. त्या वर्षी मन तसंही खचलेलं होतं, आईकडे जाता येत नव्हतं, रोज फोनवर कोणाची तरी बातमी. मी खुरपं घेऊन उतार उकरायला बसले आणि दुसऱ्याच घावाला मातीखाली जांभळट, बोथट कोंब लागला. हे झाड वसंतात सगळ्यांच्या मागून उठतं. तो कोंब माझ्या खुरप्याने तुटला. बाकीच्यांवर मी लगेच माती लोटली आणि कडेने काड्या रोवून ठेवल्या. पुन्हा कुणाचं खुरपं लागू नये म्हणून, माझंसुद्धा. मग सशांनी एका रात्रीत सहा रोपं कुरतडली. जाळी लावली. चौदातली शेवटी पाच राहिली.

२०२१ च्या जूनअखेर त्यांतल्या दोघांना फूल आलं. पेरल्यापासून तिसऱ्या उन्हाळ्यात. मी त्या सकाळी कामावर उशिरा गेले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. दर्शनी भागात तण वाढलं आहे, काढावं. झाडाच्या नावातच 'वीड' असल्यावर मी काय समजावणार? पण समजावलं. २०१७ मध्येच इलिनॉयने मिल्कवीडला राज्याचं रानफूल ठरवलंय, त्याचा कागद जोडला, फोटो जोडले, कडेने विटांची ओळ लावली म्हणजे ते मुद्दाम लावलेलं दिसेल. पुढे २०२४ साली राज्याने कायदाच केला, की देशी रोपं लावायला अशा संस्थांना सरसकट मनाई करता येणार नाही. पण ते पत्र वाचताना मला राग आला नव्हता, ओळख पटली होती. 'इथं काही नाही, नुसतं तण आहे' हे वाक्य मी स्वतः लहानपणभर बोलले होते, आमच्या माळाबद्दल.

आई आली २०२२ च्या जूनमध्ये. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून अंगणभर फिरून आली आणि त्या उतारापाशी थांबली. माझी मुलगी फुलाला हात लावायला गेली तशी तिने तिचं मनगट धरलं.

"हात लावू नको गं. चीक डोळ्यात गेला म्हणजे?"

"कसला चीक?"

"रुईला चीक असतोय की."

रुई! तो मुकुट मी तिथं बघितला होता. शनिवारी मारुतीला घालायच्या माळेत, पानांमध्ये ओवलेली ती जांभळट पांढरी फुलं, मेणाची केल्यासारखी. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मला जोडी लावता आली नाही. आईला अर्ध्या मिनिटात लागली, तीही झेंडूच्या रंगाच्या, नखाएवढ्या फुलाशी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही ही दोन्ही एकाच कुळातली आहेत. दोघांचं फूल सारखंच चालतं. परागकण सुटे नसतात, त्यांच्या जोडीजोडीने बांधलेल्या पिशव्या असतात. भुंग्याचा पाय फुलाच्या खाचेत अडकतो, तो हिसका देऊन सोडवतो तेव्हा पिशव्या पायाला लटकून दुसऱ्या फुलाकडे जातात. लहान माशीला कधी पाय सोडवता येत नाही आणि ती तिथंच मरते.

आईने एक पान खुडलं आणि देठाकडे बघत राहिली. "चीक नाही याला."

खरंच नाही. मिल्कवीड म्हणजे चिकाचं झाड, आणि त्या सगळ्या गणगोतात हेच एक असं, की ज्याच्या देठातून पाण्यासारखा रस येतो. कडू विषही कमी. म्हणूनच मोनार्क फुलपाखरं अंडी घालताना त्याच्या चिकाळ बहिणींना आधी पसंत करतात. मी दोन उन्हाळे मोनार्कची वाट बघत होते आणि येत होते ते भुंगे आणि गांधीलमाश्या. आई असताना ऑगस्टमध्ये एक सुरवंट सापडला. काळे, पिवळे, पांढरे पट्टे. आई म्हणाली, असलेच रुईवर असतात. त्यातही तिचं बरोबर होतं. रुईवर वाढणारं प्लेन टायगर आणि हे मोनार्क एकाच वंशातली. आणि शेंड्यावर बसलेला पिवळाधमक मावा तर नात्यातला नव्हे, तोच. कण्हेरीवर आणि रुईवर सोलापुरात असतो तोच, ऑरोरामध्ये. आईने तो चिमटीने पुसून काढला, तिकडे काढायची तसाच.

ऑक्टोबरात शेंगा तडकल्या. या झाडाच्या शेंगा उभ्या, निमुळत्या, लव असलेल्या. आत तपकिरी बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या आणि प्रत्येकीला रेशमाचा झुबका. मुलीने फुंकर मारली. आई ओरडली, "म्हातारी! म्हातारी उडाली!" आणि दोघी हिरवळीवर त्या म्हाताऱ्यांमागे धावायला लागल्या. मी मुलीला सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात इथली तुझ्याएवढी मुलं याच झाडाच्या थोरल्या बहिणीच्या शेंगा कांद्याच्या पोत्यांत भरून आणायची. जावा बेट जपानच्या ताब्यात गेलं आणि तिथून येणारा पांढऱ्या सावरीचा कापूस बंद झाला. मग खलाश्यांच्या जीवरक्षक जाकिटांत ही म्हातारी भरली. दोन पोत्यांत एक जीव वाचतो, असं तेव्हा सांगितलं जायचं. आई ऐकत होती. म्हणाली, "आमच्या घरी उशा होत्या सावरीच्या."

जाताना तिने रुमालात थोडं बी बांधलं होतं. मी ते परत घेतलं. तिला वाईट वाटलं, मलाही. पण ॲस्क्लेपिअसचीच एक अमेरिकी जात, लाल-पिवळ्या फुलांची, कधीतरी बागेसाठी म्हणून आपल्याकडे आली आणि आता ओढ्याकाठी, पाटाकडेला आपोआप वाढते. आपण तिला हळदीकुंकू म्हणतो. नाव इतकं घरचं, की ती परकी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. या झाडाला इथला माळ हवा, इथली थंडी हवी. आईने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. आपल्याकडं रुई आहेच की."

पुढच्या फेब्रुवारीत मी गावाला गेले. आईला म्हटलं, माळावर जाऊन येऊ. "आत्ता? आत्ता काय आहे तिथं?" असं म्हणत ती आली. नान्नजच्या बाजूला अजून थोडा मोकळा माळ राहिलाय. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं, पण आता तिथं माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. इलिनॉयमध्येही प्रेअरी चिकन नावाच्या माळपक्ष्याची तीच गत आहे. आम्हाला काही दिसला नाही. एक चंडोल वर चढत गात होता. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस लागला, मग संपला, आणि मग ते पिवळं गवत सुरू झालं.

मी उकिडवी बसून मारवेलच्या बुडाशी बोटं घातली. वर सगळं वाळलेलं. खाली मातीच्या तोंडाशी बोटाला गार, ओलसर, पांढरट फुटवा लागला. बाजूला कुसळीचं ठोंब, त्याच्या आडोशाला कसलं तरी एवढंसं रोप, जमिनीला चिकटून. नाव मला येत नव्हतं.

"कुसळं लागतील साडीला," मी म्हटलं.

"लागू देत," आई म्हणाली. तिने चपला काढल्या आणि माझ्या शेजारी बसून ते रोप बघायला लागली.